गंज काढणारे डॉक्टर

माझा डावा डोळा कसा गेला, असं आमच्या भंडाऱ्याजवळच्या शहापुरात कोणी नवा माणूस विचारतो तेव्हा उत्तर मला द्यावं लागत नाही. शेजारी उभा असलेला देतो. चहाच्या टपरीवर, एसटीच्या थांब्यावर, लग्नाच्या मांडवात, कुठेही. "ते नाई का ढोरांचे डॉक्टर होते, जुन्या जीपवर रेती मारत बसत? त्यायनं घालवला ह्यांचा डोळा. फुटक्या काचेचा टोप घालाले देल्ला." मग सगळे माझ्याकडे पाहतात आणि मी मान खाली घालतो. खाली घातलेल्या मानेचा अर्थ लोक 'हो' असा घेतात. इतकी वर्षं मी तो घेऊ दिला.

ते खोटं आहे. खडी मारताना चेहरा झाकायच्या त्या टोपाची काच धड होती. टोप मी स्वतःच्या हाताने वर केला होता. कशासाठी केला तेही सांगणार आहे. पण नुसतं तेवढं सांगून थांबलो तर डॉक्टरसाहेब म्हणजे माझ्या डोळ्याची भानगड, एवढेच उरतील. म्हणून आधी माणूस सांगतो.

ते जनावरांच्या दवाखान्याचे डॉक्टर आणि मी त्यांच्या जीपचा ड्रायव्हर. नोकरीतली बहुतेक वर्षं आम्ही दोघांनी एकाच जीपमध्ये काढली. ते मूळचे लाखांदूरकडचे, धानाच्या बांध्यांत, भातशेतीत वाढलेले. कचेरीत शुद्ध बोलत, गोठ्यात शिरले की बोली आपोआप बदले. पण कुठेही बसत नसत. बसणं त्यांना जमतच नव्हतं. जीपमध्ये माझ्या शेजारी असायचे, पण एक पाय नेहमी बाहेरच्या पायरीवर, जणू गाडी थांबायच्या आत उतरायचं आहे. मीटिंगमध्ये खिडकीपाशी उभे. जेवणसुद्धा उभ्याने. गाडी झाडाखाली लावली की बॉनेटवर डबा उघडायचा. इंजिनाच्या उष्णतेने भाजी कोमट व्हायची. एकदा एका मोठ्या साहेबांनी खुर्ची पुढे केली तर म्हणाले, "राहू द्या, मी बसलो की मला झोप येते आणि झोपलो की स्वप्नात गाभण म्हशी येतात."

दुसरी सवय हाताची. ताप पाहायचा तर ते थर्मामीटरच्या आधी उलट्या हाताने जनावराचा कान चाचपत. हे इतकं अंगवळणी पडलं होतं की माणसांचंही तसंच. माझा मुलगा लहान असताना तापाने फणफणला होता. साहेब जीपमधून उतरले, सरळ घरात आले आणि त्याचे दोन्ही कान धरून उभे राहिले. माझी बायको म्हणाली, "पोरगा आहे जी माझा, वासरू नाई."

"फरक कानात नसते, बाई," ते म्हणाले. "ताप आहे. पाणी पाजा, डॉक्टरकडे न्या. माणसांच्या."

त्यांची वाक्यं तालुक्यात फिरत. बाजारात बैल पारखायला लोक त्यांना घेऊन जात. सगळे शिंगांकडे पाहत असायचे, तेव्हा ते खाली वाकून म्हणायचे, "आधी पोट पाहा, मग शिंगं." घाई करणाऱ्याला म्हणायचे, "घाई करणाऱ्याची गाय आडवी विते." स्वतः मात्र सदा घाईत. मी एकदा हे बोलून दाखवलं. म्हणाले, "भाऊ, मी घाई करत नाही. मला फक्त थांबता येत नाही. दोन्ही वेगळं आहे."

माझ्यात एक खोड होती, खर्रा. आमच्या भागात हे काही वेगळं सांगायची गोष्ट नाही. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून दिला की माणूस दुपार काढतो. लांबच्या रस्त्यावर मला तो लागायचाच. साहेबांना त्याचा संताप येई. "ढोरं रवंथ करतात, पण गिळतात. थुंकत नाहीत. तू तर त्यांच्याही खाली गेला." निवृत्तीनंतर एकदा त्यांनी मला अंगणात खुर्चीवर बसवलं, बॅटरी मागवली, जबडा धरून म्हशीचं तोंड उघडावं तसं माझं तोंड उघडलं आणि आत बराच वेळ पाहत राहिले. गालाच्या आत पांढरा चट्टा होता. त्यांनी माझ्या बायकोला बोलावलं आणि तिच्यासमोर मला सांगितलं, "आजपासून बंद. हिच्या डोक्यावर हात ठेव." मी ठेवला. ती रडली. त्या दिवसापासून घरी माझा खर्रा सुटला. घराबाहेर सुटला नाही. नदीकाठच्या कारधा गावातल्या एका टपरीवाल्याशी माझी ओळख होती. तो विचारायचाही नाही, पाहिलं की घोटायला घ्यायचा.

निवृत्त झाल्यावर साहेबांचं काय होणार, ही चिंता सगळ्यांनाच होती. बायको आधीच वारलेली, मुलगी बंगलोरला. ते सकाळी हायवेपर्यंत जात, परत येत, पुन्हा जात. कोणाची म्हैस अडली की लोक अजून त्यांनाच बोलवत, तेवढाच काय तो विसावा. असेच एकदा भंडाऱ्याला गेले असताना भंगारवाल्याच्या आवारात त्यांना आमची जीप दिसली. खात्याने केव्हाच मोडीत काढलेली. टायर नाहीत, छताचं हूड नाही, मागच्या भागात कोंबड्या बसलेल्या. ते घरी आले आणि माझ्या दारात उभे राहून म्हणाले, "भाऊ, आपली गाडी जिवंत आहे. अंग गरम नाही, पण जिवंत आहे."

ट्रॉलीवर घालून ती शहापूरला आणली. शेजारची बाई, जिला आम्ही सगळे काकी म्हणतो, कुंपणावरून पाहून म्हणाली, "डॉक्टरसाहेब, मेलेलं ढोर लोकं गावाबाहेर नेते. तुमी आत आणून राहिले."

साहेबांनी गाडीभोवती फेऱ्या मारल्या. जागोजाग बोटांच्या पेरांनी ठोकून, कान लावून ऐकलं. चांगला पत्रा खणकतो, कुजलेला भदभदतो. मग निदान सांगितलं. चेसिस ठीक. फरशी गेली. मडगार्ड वाचतील. आणि सगळ्यावर गंज आहे तो मुळापासून निघाल्याशिवाय रंगाचा ब्रश लावायचा नाही. "जखमेत घाण ठेवून टाके घातले तर काय होते, तुला मी सांगायची गरज नाही."

घासून कोपऱ्यातला गंज जात नाही. तेजाब सांध्यात शिरून बसतं आणि महिन्यांनी आतून खाऊ लागतं. उरला हवेच्या जोराने बारीक खडी मारण्याचा मार्ग. ते मोबाइलवर एका परदेशी माणसाचे व्हिडिओ पाहू लागले, आवाज बंद करून. आवाज का नाही, विचारलं तर म्हणाले, "तो बोलते जास्त. हात पाहायचे."

मशीन घ्यायला आम्ही नागपूरला गेलो, आणि एकदा नाही, कितीदा तरी. दुकानात तीन जाती होत्या. एक नुसती बंदूक, नळीने बादलीतली खडी ओढून घेणारी. दुसरी दुधाच्या कॅनसारखी टाकी, जिच्यात हवेचा दाब भरला की खडी स्वतःच ढकलली जाते. तिसरी काचेची पेटी, हातमोज्यांतून हात आत घालायचे. पण तिच्यात नट-बोल्ट मावतील, मडगार्ड मावणार नाही. दुकानदार चकचकीत बंदूक पुढे करत होता.

"अंकल, ये देखिए. क्या वजन है. एकदम प्रोफेशनल."

"याले हवा किती लागते?"

"हवा का क्या है, कोई भी कंप्रेसर चलेगा."

"तुमच्या घरी गाय आहे का?"

"नहीं, अंकल."

"मनूनच," साहेब म्हणाले आणि बाहेर पडले.

परतीच्या बसमध्ये, दांडीला धरून उभ्यानेच, त्यांनी मला समजावलं. लोक बंदूक पाहून घेतात, घरी आणतात, आणि पंक्चरवाल्याचा छोटा कंप्रेसर जोडतात. मिनिटभर जोरात चालतं, मग धाप लागते. कारण दाब वेगळा आणि हवेचा पुरवठा वेगळा. "मारकुट्या बैलातही जोर असते. पण तो नांगर ओढत नाही." म्हणून आधी पोट, म्हणजे कंप्रेसर. त्यांनी भंडाऱ्यातल्या एका बंद पडलेल्या रंगाच्या वर्कशॉपचा दोन सिलिंडरचा कंप्रेसर शोधून काढला, तो आठ-दहा दिवस चालवून पाहिला, आणि मगच त्याला पेलवेल अशी लहान दाबाची टाकी आणि सगळ्यात बारीक तोंडाचा नोझल घेतला. नोझल आतून झिजतो आणि भोक मोठं झालं की हवा पुरत नाही. रोज काम सुरू करायच्या आधी ते भोकात आगकाडी घालून पाहत. काडी सैल गेली की नोझल फेकून नवा.

खडीवरून आमचं पहिलं भांडण झालं. मला कळेना, हा माणूस दुरून पोत्यात भरून आलेली लालसर गार्नेट खडी कशाला विकत घेतो. आमच्या दाराशी वैनगंगा. अर्ध्या नागपूरची घरं तिच्या रेतीत उभी आहेत. मी कारध्याहून एक पोतं आणलं, चाळलं, वाळवलं आणि अभिमानाने त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी मूठभर हातात घेऊन पाहिली.

"सुंदर रेती आहे," ते म्हणाले. "काकीला दे. फुटाणे भाजाले."

"साहेब, नदीची रेती वाईट का जी?"

"घराले चांगली. छातीले वाईट." मग त्यांनी एका बैलाची गोष्ट सांगितली. खाणीवर दगड वाहणारा बैल, दम लागून मेला. त्यांनी त्याचं शवविच्छेदन केलं होतं. "फुफ्फुसावर सुरी चालवली तर कचकच वाजली. धूळ आत जाऊन बसली होती. रेतीत काच असते, भाऊ. फुटली की धूर होते, आणि तो धूर बाहेर निघत नाही." काकीने खरंच त्या रेतीत फुटाणे भाजले आणि पहिला वाडगा आम्हालाच आणून दिला.

एकदा त्यांनी पितळेच्या नाजूक भागांसाठी राइस मिलचा कोंडा मारून पाहिला. पितळ साफ झालं नाही, पण कोंडा कुंपणावरून उडून काकीच्या वाळत घातलेल्या लाखोळीच्या डाळीच्या वड्यांवर जाऊन बसला. काकी परात घेऊनच आली.

"डॉक्टरसाहेब, हे का होय?"

"कोंडा आहे, काकी."

"मले दिसून राहिलं. मी गाय आहे का, वडीसंग कोंडा खायाले?"

साहेबांनी दुपारभर उभ्या-उभ्या एकेक वडी ब्रशने झाडली. मी हसलो तर माझ्याही हातात ब्रश दिला.

पण काम जमलं. बांबू आणि ताडपत्रीचा मांडव उभा राहिला. पावसाळ्यात हवेतलं पाणी नळीत उतरून खडीचा चिखल करायचं, तर त्यांनी तांब्याच्या नळीचं वेटोळं करून जुन्या कूलरच्या टाकीत बुडवलं. हवा थंड होऊन पाणी आधीच गळू लागलं. उघडा पत्रा त्याच दिवशी प्रायमरखाली गेलाच पाहिजे आणि मध्ये त्याला कोणी बोट लावायचं नाही, असा दंडक. "सोललेलं कातडं आहे ते. हात लावला की पिकते."

आणि एक गोष्ट मला तिथेच पहिल्यांदा दिसली. सपाट पत्र्यावर खडी एका जागी मारत राहिलं की तो तापून फुगतो, मग कायमचा वाकडा. बंदूक तिरपी धरायची आणि हात सतत हलता ठेवायचा. थांबायचंच नाही. जन्मभर ज्या अस्वस्थपणाची लोकांनी थट्टा केली, त्या अस्वस्थपणालाच या कामात मागणी होती. साहेब जीपच्या बॉनेटवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत राहत, हात डुलत राही, मागे राखाडी स्वच्छ पत्रा उगवत जाई. टोप काढल्यावर त्यांचा चेहरा घामाने निथळत असे आणि त्यावर मी नोकरीत कधी न पाहिलेली शांतता असे. मला ते नीट जमत नव्हतं. मी ड्रायव्हर, बसायची सवय असलेला माणूस. माझा हात मध्येच थांबे. ते म्हणत, "चाल, भाऊ, चाल. गाडी नाही, तू चाल."

नियम तीनच होते. टोप आणि त्याच्या आत नाकातोंडावर मास्क, यांच्याशिवाय बंदूक धरायची नाही. टाकीच्या वाल्व्हपाशी दुसरा माणूस हवाच. आणि बंदुकीचा खटका बांधायचा नाही. तो दाबून धरला तरच खडी सुटते, बोट सैल झालं की बंद. तोच तर जीव वाचवतो.

उन्हाळ्यातली दुपार होती. आमचा उजवा मडगार्ड अर्धा झाला होता. एक माणूस मोटारसायकलवर आला, त्याची म्हैस अडली होती. साहेब लगेच निघाले, टोपसुद्धा जाता जाता काढून माझ्या हातात दिला. "मी आल्याबिगर हात लावू नको," एवढं म्हणाले. घाईत कंप्रेसर चालूच राहिला.

मी थोडा वेळ बसलो. खिशात कारध्याहून आणलेली पुडी होती. साहेब नाहीत, बायको घरी. तोंड भरलं. मग वाटलं, ते येईपर्यंत मडगार्ड पुरा करून ठेवावा; आल्यावर पाहतील तर खूष होतील. खरं सांगायचं तर मला त्यांच्याकडून एकदा तरी 'जमलं' हे ऐकायचं होतं. खटका धरून बोटं दुखत, म्हणून सायकलच्या ट्यूबची पट्टी काढली आणि खटक्याला बांधली. वाल्व्हपाशी कोणी नव्हतं. टोप घातला, मास्क लावला, सुरू केलं.

खर्रा खाणाऱ्याला हे समजेल. तोंड भरत जातं आणि एका क्षणी गिळताही येत नाही, दाबताही येत नाही. आत मास्क, बाहेर टोप. मी डाव्या हाताने दोन्ही वर उचललं आणि भिंतीकडे वळून थुंकलो. वळताना उजवा हात मडगार्डच्या कडेकडे गेला. खटका बांधलेला, बंदूक सुरूच. कडेवर आपटून खडी उलटी आली आणि माझ्या तोंडावर फुटली.

काकी ओरडत आली, कंप्रेसरची वायर तिनेच ओढली. साहेब आले तेव्हा मी जमिनीवर होतो, डोळ्यावर तळहात दाबून. त्यांनी माझं मनगट धरून हात बाजूला केला. चोळू दिलं नाही, डोळ्यावर काही दाबू दिलं नाही. काकीच्या घरून स्टीलची वाटी आणवली, ती डोळ्यावर पालथी ठेवली आणि वरून पट्टी बांधली, आतल्या जखमेला स्पर्श होणार नाही अशी. तोपर्यंत माझी बायको पोचली होती.

"का झालं जी? का झालं?" ती विचारत होती.

मला तिच्या डोक्यावर ठेवलेला हात आठवला. मी म्हणालो, "टोपाची काच फुटली."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग बाजूला पडलेल्या टोपाकडे, त्याची काच चांगली होती. मग भिंतीकडे, जिथे माझी तांबडी थुंकी ओली होती. ते दोन पावलं चालत गेले, चपलेने लाल खडी ओढून त्या डागावर पसरवली आणि परत येऊन माझ्या बायकोला म्हणाले, "काच जुनी होती, बाई. माझीच चूक झाली."

आम्ही नागपूरच्या दवाखान्याकडे निघाल्यावर त्यांनी हातोडीने टोपाची काच फोडली. हे मला काकीने नंतर सांगितलं. तिला वाटलं होतं, म्हातारा रागाने फोडतो आहे. मला माहीत होतं, उद्या कोणी टोप पाहायला येईल, तेव्हा माझं खोटं टिकावं म्हणून ती फोडली आहे.

पाहायला गेला तो माझा मुलगा. मला दवाखान्यात भरती करून तो तसाच शहापूरला परतला आणि भर रस्त्यात, लोकांसमोर, त्याने साहेबांची कॉलर धरली. पोलिसात जातो म्हणाला. साहेबांनी काही उत्तर दिलं नाही, असं लोक सांगतात. त्या दिवसापासून शहापूरच्या तोंडी ती गोष्ट बसली, कंजूष डॉक्टर, फुटका टोप, गरीब ड्रायव्हर. डोळा वाचला नाही.

सगळ्यात वाईट पुढे झालं. लोकांनी त्यांना गोठ्यात बोलावणं सोडलं. म्हैस अडली तर भंडाऱ्याहून दुसरा डॉक्टर येई. ज्याला बसता येत नव्हतं त्या माणसाला गावाने बसवून ठेवलं. मी घरी आल्यावर ते एकदाच भेटायला आले, दारातच उभे राहिले. माझी बायको आतून बाहेर आली नाही. मी म्हणालो, "साहेब, मी सांगतो सगळ्यांना."

"काय सांगतो?" ते म्हणाले. "कंप्रेसर चालू ठेवून मी गेलो होतो. ते खोटं आहे का?" आणि मग हळूच, "अजून खातो का?"

मी नाही म्हणालो. ते मात्र खरं होतं. त्या दुपारनंतर मी खर्रा खाल्ला नाही.

सांगतो म्हणालो, पण सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू. बायकोची तब्येत बिघडली, तिला कशाला. मुलाने नवं बॅटरीचं दुकान टाकलं, त्याला कशाला. कारणं मिळत गेली. साहेबांनी जीप भंगारवाल्याला परत दिली, अर्धी प्रायमर लावलेली, अर्धी गंजलेली, आणि ते मुलीकडे बंगलोरला गेले. सातव्या मजल्यावर. फोनवर म्हणाले होते, "गॅलरी आहे. इकडून तिकडे चालतो." बायको गेली ती त्यांना शिव्या देतच गेली. तिला मी शेवटपर्यंत सांगितलं नाही. झोप लागत नाही ती तेव्हापासून.

गेल्या हिवाळ्यात साहेब गेल्याची बातमी आली. शहापुरात जुन्या दवाखान्यासमोर थोडे लोक जमले. दोघा-तिघांनी चांगले शब्द काढले. मग एकजण म्हणाला, "माणूस हुशार होता. फक्त भाऊचा डोळा घेतला, तेवढा डाग राहिला." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. त्या दिवशीसुद्धा.

घरी येऊन मुलाला सगळं सांगितलं. खर्रा, ट्यूबची पट्टी, भिंत, हातोडी, काहीही ठेवलं नाही. तो दुकानातून नुकताच आला होता, जोडे काढायचे राहिले होते. तसाच उठला आणि बाहेर गेला. पुढे कितीतरी दिवस माझ्याशी बोलला नाही. जेवायला वाढायचा, बोलायचा नाही. मला ते चालत होतं. न बोलता मान खाली घालण्यापेक्षा बरं होतं.

मग एका संध्याकाळी अंगणात माझ्याजवळ येऊन उभा राहिला.

"हे लिहून काढा, बाबा. गावाले वाचू द्या."

"लिहितो."

"मी कॉलर धरली तेही लिहा."

"ते मला माहीत आहे."

"तुमाले अर्धंच माहीत आहे." तो हळू बोलत होता. "मी कॉलर धरली ना, तर त्यायनं हात नाई सोडवला माझा. हळूच मनले, धर, पण आधी आयक. तुझा बाप झोपीत उजव्या हातानं डोळे चोळते, मी दौऱ्यावर पाहिलं आहे. टाके उसवतीन. झोपताना त्याचा उजवा हात खाटेले बांधत जाय. दोरी नोको घेऊ, जुन्या धोतराचं मऊ फडकं घे. गाठ मनगटावर नोको, खाटेच्या दांडीवर मार."

मला तो दवाखाना आठवला. झोपायच्या वेळी मुलगा हात बांधायचा. मी चिडायचो, तर म्हणायचा, इथला नियम आहे.

"माया मुठीत त्यायची कॉलर होती," मुलगा म्हणाला, "अना ते मले गाठ मारणं शिकवून राहिले होते. तुमाले घरी आणलं तरी मी रोज ती गाठ मारली, जशी सांगितली तशीच. आता हे कोणाले जाऊन सांगू?"